दाताने तुटणारा दोरा

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.
मशीन आली! भरतकामाची, कंप्युटरवाली. मुलगा परवा नुसतं म्हणाला होता, आई, तुझ्यासाठी काहीतरी येतंय. मला वाटलं गुडघ्याचा पट्टा. निघाली ही. मी इतकी हरखले की पुसलेलीच मशीन पुन्हा पदराने पुसली.

बसवायला आलेल्या माणसाने सगळं दाखवलं. कापड रिंगमध्ये ताणून बसवायचं, दोरा ओवायचा, पडद्यावर चित्र निवडायचं आणि बटण दाबायचं. पुढचं ती करते. मी म्हटलं, मग मी काय करायचं? तर म्हणाला, आजी, तुम्ही दोरा चांगला निवडा, अर्धं काम तिथेच आहे.

म्हटलं मग अर्धं झालंच म्हणून समज. दोऱ्याची पारख माझ्या बोटांत आहे. अक्षर ओळख व्हायच्या आधी मला सुईचं नाक ओळखू यायचं. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे या डायरीत ऱ्हस्व-दीर्घ कुठे कुठे पडतील, पण वाचणार मीच, आणि माझी मला काही तक्रार नाही.

संकल्प: रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. फाटे फोडायचे नाहीत.

३ फेब्रुवारी, मंगळवार
मशीनबरोबर दोऱ्याचा एक डबा फुकट आलाय. चार-पाच रंगांचे कोन, म्हणजे शंकूसारखे उभे रीळ. लोक म्हणतात फुकट ते पौष्टिक. मी म्हणते, दोरा चांगला असता तर फुकट कशाला दिला असता? फुकट ते निकृष्ट. माझी थोरली बहीण एकदा चहाच्या पुड्याबरोबर फुकट चमचा मिळाला म्हणून नाचत आली होती. दुसऱ्या दिवशी चमचा साखरेत वाकला. साखरेत! भात तरी असता. पण ते असो, फाटा फुटला.

डबा अडगळीत टाकणार होते, तर "हे" म्हणाले, तुला नको तर लाल मला दे. बाल्कनीत ह्यांनी काकडीचा वेल लावलाय. तो गजाला बांधायचा आहे. घेऊन जा म्हटलं. तेवढीच त्याची लायकी.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी.
आज फार आनंदात आहे.

सुनेने ऑफिसची नोकरी सोडून कोपऱ्यावरच्या गाळ्यात बेकरी काढायची ठरवलीय, हे मी लिहिलंच नाही. (मशीनच्या नादात राहिलं.) ओव्हन बसला, पाटी लागली. पाटीवर लाल चिमणी, चोचीत गव्हाची लोंबी. बावीस तारखेला उघडणार. तिथे काम करणाऱ्यांना पांढरे आप्रन हवेत, डझनभर, आणि प्रत्येकाच्या छातीवर तीच लाल चिमणी.

तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, म्हणाल्या की माझ्या ओळखीचा एक कारखाना आहे, टाकू या तिथे. विहीणबाईंच्या ओळखीचं सगळंच असतं. डॉक्टर, वकील, कारखाना. एकदा मला शिंका येत होत्या तर शिंकांवरचा सुद्धा माणूस त्यांच्या ओळखीचा निघाला.

पण सून काल माझ्या खोलीत आली, पलंगावर टेकली आणि म्हणाली, "आई, आप्रनवरची चिमणी तुम्ही कराल का?"

आता हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते. गेल्या दोन-तीन वर्षांत ह्या घरात मला एकच प्रश्न विचारला जातो. गोळी घेतली का. सकाळी गोळी घेतली का, रात्री गोळी घेतली का. मुलगा परगावच्या नोकरीवरून फोनवर विचारतो, सून डबा भरताना विचारते, विहीणबाई जिन्यातून विचारतात. वाईट नाही विचारत, मायेनेच विचारतात. पण "कराल का" असं मला कोणी विचारून किती दिवस झाले, मला आठवेना.

मी लगेच हो म्हटलं. फार लगेच नको म्हणून आधी चष्मा पुसला.

अठरा तारखेपर्यंत झालं नाही तर कारखान्यात टाकायचं, असं ठरलंय. ती अट विहीणबाईंची. अठरा! मी बारालाच हातात ठेवीन.

७ फेब्रुवारी, शनिवार
दोरा आणला. सगळं नीट लिहून ठेवते, पुढे कोणाला उपयोग होईल.

दोरेवाल्याच्या दुकानात भिंतभर दोरे. मी लाल दोरा मागितला. त्याने विचारलं, पॉलिस्टर, रेयॉन की कॉटन? मी म्हटलं, लाल. त्याने विचारलं, कशावर भरायचंय? मी म्हटलं, आप्रनवर, बेकरीचे आहेत. मग त्याने एक कोन काढून ठेवला. म्हणाला, मग हा न्या काकू, पॉलिस्टर आहे, मशीनचा आहे, गरम पाण्यात टाका, ब्लीच करा, रंग हलणार नाही. भाव विचारला आणि मी स्टुलावर बसले.

तरी म्हटलं पारख करून बघू. आई शिकवून गेलीय, दोरा दाताखाली धरायचा. दाताने पटकन तुटला की दोरा सुईकामाला बरा. कारण सारखी कात्री कुठे शोधत बसणार? मी त्याचा तो महागडा दोरा दाताखाली धरला आणि ओढला. दोरा तुटला नाही. वरची कवळी बाहेर आली.

तेव्हाच मी ठरवलं, हा दोरा नको. इतका हट्टी दोरा घरात कशाला? मग त्याच्या मागच्या फळीवरचा कॉटनचा रीळ काढायला लावला. एका दातात कट्. भावही निम्म्याहून कमी. दोरेवाला म्हणाला, काकू, हा हातशिलाईचा आहे. मी म्हटलं, हातात आणि मशीनमध्ये काय फरक, सुई ती सुईच. तर म्हणाला, "काकू, मशीनला दात नसतात."

दोरेवाला तसा चांगला आहे पण बोलणं जरा जास्त.

शिवाय अख्खं खोकं घेतलं तर रीळ आणखी स्वस्त पडत होता, म्हणून खोकं घेतलं. त्यात लाल, पिवळा, जांभळा, राखाडी आणि पुष्कळ खाकी. ह्यांनी विचारलं, चिमणी लाल आहे ना, मग एवढा खाकी कशाला? मी म्हटलं, असू द्यावा घरात. कधी लागला तर?

"कोणाला?" म्हणाले.

ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही. वेल बांधत बसतात दिवसभर.

८ फेब्रुवारी, रविवार
आप्रन सुरू करणार होते. पण रविवारी नवं काम धरलं की विस्कटतं, असं आत्ताच माझ्या लक्षात आलं. उद्या.

९ फेब्रुवारी, सोमवार
पहिल्या चिमणीची शेपटी झाली. दोरा तुटला.
ओवला. पंख सुरू. तुटला.
ओवला. तुटला.
दोरा तुटला की मशीन शिट्टी मारते. दुपारपर्यंत इतक्या शिट्ट्या झाल्या की खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, कुकर बिघडलाय का.

दोष दोऱ्याचा नाही. लाइटचा दाब कमी-जास्त होतोय.

१० फेब्रुवारी, मंगळवार
लाइटचा दाब नाही. ह्यांचा दोष. मागे उभे राहून बघतात. कोणी मागे उभं राहिलं की मला नाही जमत, मग मशीनला कसं जमेल? ह्यांना बाल्कनीत घालवलं. तिथून म्हणाले, तुझी मशीन तुझ्यापेक्षा जास्त कटकट करते गं. उत्तर माझ्याऐवजी मशीनने दिलं.

१०, संध्याकाळ
सून ऑफिसचे हिशेब उरकून आली. (अजून महिनाभर ये-जा आहे.) मशीनमधला अर्धा पक्षी बघितला. जमतंय का, विचारलं. मी म्हटलं, अगं, हात बसतोय, मशीनचा.

हसली बिचारी. हसताना थकलेली दिसली. गाळ्याचं, ओव्हनचं, माणसांचं सगळं एकटीच बघते. तिच्या मनावरचं हे एक तरी काम मी उतरवणार म्हणजे उतरवणार.

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.
युक्ती सापडली! इतकी साधी, की आधी का सुचली नाही. आम्ही हाताने गोधडी शिवताना दोरा मेणावरून ओढायचो. मेण लागलं की दोरा पीळ धरतो, सटकन जातो, तुटत नाही. ह्या आताच्या लोकांना माहीतच नाही. मशीन करणाऱ्यांनी चार म्हाताऱ्यांना विचारून केली असती तर मेणाची सोय आतच दिली असती.

घरात मेण नाही. मेणबत्ती आहे. अख्खा रीळ उलगडून मेणबत्तीवरून घासून घेतला. हे खुर्चीच्या दोन पायांना दोरा गुंडाळत होते, मी घासत होते. कितीतरी दिवसांनी दोघांनी मिळून काही केलं. छान वाटलं.

११, दुपारी.
चाललीय! एक डोळा न तुटता झाला.

११, चार वाजता.
थांबली. शिट्टी पण मारत नाही. नुसती घुं करते. वास येतोय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
मेकॅनिक आला. आजच्या दिवशी आप्रन हातात ठेवणार होते, पण तारखा म्हणजे काय, माणसासाठी असतात.

त्याने झाकण उघडलं, चिमटा आत घातला आणि मेणाचा, लोकरीसारख्या कापसाचा एवढा गोळा बाहेर काढला. म्हणाला, आजी, आत कोणाचा वाढदिवस केलात?

दोरा खिडकीकडे धरून दाखवला त्याने. उजेडात बघितला तर दोऱ्याच्या अंगावर केसच केस, सुरवंटासारखे. म्हणाला, हे केस आत झडतात. मशीन मिनिटाला शेकडो टाके घालते, तुमच्या हातासारखी दमाने नाही घालत, त्यामुळे तिला अंगावर केस नसलेला, न ताणणारा दोरा लागतो. दोरा हातभर सोडायचा आणि लोंबू द्यायचा. सरळ लोंबला तर घ्यायचा, वेटोळं मारलं तर सोडायचा. आणि खाली बॉबिनमध्ये साधा पांढरा बारीक दोरा चालतो, तो दिसत नाही, तिथे रंगीत भारी दोरा वाया घालवू नका. शिवाय निघताना म्हणाला, टेन्शन पण जास्त आहे. मी म्हटलं, असणारच, बेकरी उघडायला दहा दिवस राहिलेत. तो स्क्रू फिरवून गेला.

सगळं ऐकून घेतलं. मला नवीन काहीच नव्हतं, पण माणसाला बोलू द्यावं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
आज दुकानात माझा रुबाब बघायला हवा होता. शिरल्या शिरल्या म्हटलं, केस नसलेला दाखव. सरळ लोंबणारा दाखव. दोरेवाला उठून उभाच राहिला.

त्याने पुन्हा तोच पहिला कोन काढला. तो, कवळीवाला. मी म्हटलं तो नको, आमचं एकदा फाटलंय. दुसरा दाखव. मग हात फिरवता फिरवता मला एक दिसला. काय सांगू! लाल, पण कसला लाल! रेशीम झक मारेल अशी चकाकी. उजेडात धरला, एक केस नाही. लोंबवला, सरळ रेघ. दाताखाली धरला (कवळी हाताने दाबून), तुटला पण! म्हणजे मेकॅनिकचंही राहिलं आणि माझ्या आईचंही. भाव पण त्या हट्ट्यापेक्षा कमी.

दोरेवाला म्हणाला, काकू, हा रेयॉन, दिसायला एक नंबर, फ्रॉकवर, भिंतीवरच्या चित्रावर घाला. रोज गरम पाण्यात जाणाऱ्या कपड्याला नको. त्यातून हा स्वस्तातला, रंगाची गॅरंटी मी देत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून तर बघा आधी.

मला लगेच कळलं, ह्याला महागाचा खपवायचाय. मी काल जन्मले का? मी मोठा कोन घेतला. मोठा कोन छोट्या रिळापेक्षा स्वस्त पडतो, हेही तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. "तुम्हाला" म्हणजे कोणाला, कोण जाणे. लिहिताना समोर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं.

बॉबिनमध्येही हाच भरला. मेकॅनिक काहीही म्हणो. माणसाने आतून-बाहेरून सारखं असावं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
चालली! एकही शिट्टी नाही. अशा चिमण्या उतरताहेत, पंख झळाळतायत, वाटतं आत्ता उडतील आणि ह्यांच्या काकड्या खातील.

हे बाल्कनीत वेलावर साबणाचं पाणी मारताहेत, माव्याची कीड पडलीय म्हणे. ब्लीचचं पाणी पण मारलं गजांवर, शेवाळ आलंय म्हणे. प्रत्येकाचे आपापले उद्योग.

१५ फेब्रुवारी, रविवार
सगळे झाले. डझनभर आप्रन, डझनभर चिमण्या. अठराच्या आधी! (रविवारी काम धरायचं नसतं, संपवायला हरकत नसते.)

विहीणबाई आल्या होत्या. एक आप्रन खिडकीशी नेऊन उलटा-सुलटा करून बघितला. खोट सापडेना. शेवटी म्हणाल्या, छान आहे हो, फार चकाकतंय जरा. मी म्हटलं, चांगल्या दोऱ्याला चकाकी असतेच, पारख लागते. त्यांनी विचारलं, कुठला दोरा? मी म्हटलं, ते बोटांना कळतं, सांगता नाही यायचं. त्यांच्या ओळखीत बोटं असलेलं कोणी नसावं, आप्रन घडी घालून ठेवला.

सून ऑफिसातून फोनवर म्हणाली, आई, खरंच सगळे झाले? आवाज असा, शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्या मुलीसारखा. म्हणाली, उद्या एकदा गरम पाण्यात ब्लीच घालून काढू या, बेकरीत रोज तसेच धुवावे लागणार, नियम आहे. मी म्हटलं, तू दमून येशील, मी काढते. जेवायला मला आज दोन पोळ्या जास्त लागल्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार
काढले.

१६, थोड्या वेळाने.
गुलाबी रंग तसा वाईट नाही. लहान मुलांना आवडतो. केकवर असतोच.

१६, संध्याकाळ.
सगळं लिहायचं म्हणून लिहिते. आप्रन गुलाबी झाले. एकसारखे गुलाबी झाले असते तर म्हटलं असतं मुद्दाम केलेत. पण कुठे गर्द, कुठे फिका, एकाच्या तर खिशावर जगाचा नकाशा उमटलाय. आणि चिमण्या, मेल्या, तापातून उठल्यासारख्या फिकुटलेल्या. चकाकी कुठे गेली देव जाणे. बॉबिनमधला रंगही उतरला, त्यामुळे आतून-बाहेरून मात्र सारखंच झालंय.

पाणी जास्त गरम होतं. साबण भेसळीचा होता. ब्लीच ह्यांनी गजांवर वापरून संपवलेलं, म्हणून नवीन बाटली आणलेली, ती कडक असणार. ह्यांना तसं सांगितलं. हे आप्रन पिळत होते, म्हणाले, हो.

ह्यांनी नुसतं हो म्हटलं की मला कसंतरी होतं.

सून आली. दोरीवर सगळे आप्रन ओळीने. ती एकेक हातात घेऊन बघत गेली, शेवटपर्यंत. मी मागे उभी. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मीही दोन शब्द बोलले असते, साबणाबद्दल. ती वळली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "आई, गोळी घेतली का?"

घेतली, म्हटलं.

विहीणबाईंना तिने फोन लावला. उद्या संध्याकाळी त्या कारखान्याच्या माणसाला घेऊन येणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री.
आज लिहायचं नव्हतं. पण घडलंच असं.

सून सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जाऊन बसली. मी आत मशीनवर कापड टाकत होते, झाकून ठेवावी म्हणून. तेवढ्यात तिने हाक मारली. आई, हा दोरा कुठला?

बघते तर काकडीच्या वेलाला गाठी मारलेला तो फुकटचा दोरा. पंधरा दिवस उन्हात, रोज पाण्यात, वर साबण, वर ह्यांचं ब्लीच. गज पांढरे पडले, पानं करपली, आणि गाठी लालबुंद! काल बांधल्यासारख्या. सुनेने एक गाठ ओढून बघितली. वेल हलला, गज हलल्यासारखा वाटला, दोरा ढिम्म. मग तिने एक तुकडा कापून घेतला, गरम पाण्यात ब्लीच टाकून पांढऱ्या रुमालात गुंडाळून बुडवला. आम्ही तिघं वाटीभोवती उभे. चहा निवला. रुमाल काढला तर पांढराशुभ्र.

सुनेने परत विचारलं, कुठला हा?

मी म्हटलं, हा होय? हा मी मुद्दाम टेस्टिंगला लावलाय. पहिल्या दिवसापासून.

हे खोकले.

ती म्हणाली, उरलेला कुठंय? उरलेला नव्हता. ह्यांनी रद्दीचे गठ्ठे बांधले, चष्म्याची दांडी बांधली, खुर्चीचा हलणारा पाय बांधला. अख्खं घर त्या दोऱ्यावर उभं आहे हे मला आज कळलं. डब्यातले बाकीचे रंग होते, पण चिमणी हिरवी कशी करणार?

मग आम्ही तिघंही तो तुकडा घेऊन दुकानात गेलो. दोरेवाल्याने तुकडा उजेडात धरला, बोटांनी ओढला आणि म्हणाला, अहो, पॉलिस्टर आहे हा. काकूंना मी पहिल्या दिवशी काढून दिलेला, तोच हा. ह्याच्याने कवळी निघाली होती.

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छान पंखा होता.

मग ती हसायला लागली. अशी हसली की तिला स्टुलावर बसवावं लागलं, त्याच स्टुलावर. दोरेवाला हसला, हे हसले. मी पण हसले, पण कवळी धरून. हसून झाल्यावर डोळे पुसत ती म्हणाली, "आई, नवे आप्रन शिवून आणते. कराल का?"

दुकानात चष्मा पुसत बसायला वेळ नव्हता. लगेच हो म्हटलं.

विहीणबाईंना दारातूनच चहा देऊन परत पाठवलं, कारखान्यासकट.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
झाले. शिट्टी नाही, केस नाहीत, खाली साधा पांढरा बॉबिनचा दोरा. हा कोन भावाला जास्त, पण तुटत नाही, वाया जात नाही, डझनभर चिमण्या होऊन निम्म्याच्या वर उरलाय. खाकीचं खोकं, तो मेणाचा रीळ आणि चकाकणारा कोन ह्यांची बेरीज केली तर हट्टीच स्वस्त पडला. बेरीज ह्यांनी केली. मी सांगितली नव्हती.

ब्लीचमध्ये काढले. पांढरे ते पांढरे, लाल ते लाल.

२२ फेब्रुवारी, रविवार
बेकरी उघडली. दार उघडायच्या आधी पाव संपतील असं वाटावं इतकी गर्दी. काम करणाऱ्या सगळ्यांच्या छातीवर माझ्या चिमण्या. गुलाबी आप्रन फेकले नाहीत, भट्टी पुसायला ठेवलेत. भट्टीवाला म्हणतो फार छान पाणी शोषतात.

विहीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, भरतकाम माझ्या ओळखीच्या एका बाईंनी केलंय.

एका शाळेच्या बाईंनी विचारलं, आमच्या गाण्याच्या मुलींच्या जाकिटांवर करून द्याल का, निळं कमळ? मी हो म्हणणार तेवढ्यात सुनेने माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांना सांगितलं, नक्की करतील. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, मशीन तुमची, हात तुमचा. दोरा मात्र बाबा आणतील.

हे! ज्यांना लाल आणि केशरी वेगळे आहेत हे चाळिशीनंतर कळलं, ते!

मंगल दिवशी वाद नको.

२५ फेब्रुवारी, बुधवार
हे निळा दोरा आणायला निघाले. मी म्हटलं, मी नुसती सोबत येते, तोंड उघडणार नाही. दुकानात गेल्यावर एक सुंदर, झळाळता, स्वस्त निळा कोन मला समोरच दिसला. तोंड उघडलं नाही. फक्त बोट दाखवलं, आणि त्याच्या शेजारच्या एका मठ्ठ, महागड्या कोनाकडे बघून नाक मुरडलं.

हे दोरेवाल्याला म्हणाले, "हिने नाक मुरडलं ना, तो द्या."

आणला. बॉबिन भरली, ओवला, बटण दाबलं. पाच कमळं झाली, एकदाही तुटला नाही. ओल्या फडक्यावर घासला, डाग नाही. हे म्हणतात, आता आयुष्यभर अशीच खरेदी करायची, सोपी पद्धत आहे.

चला. म्हणजे शेवटी काय, मी बघितल्याशिवाय ह्या घरात दोरासुद्धा येत नाही.

गोळी घ्यायची राहिली. आज कोणी विचारलंच नाही.